पथ्य सोडवायचं राहिलं

कोणी ताट पुढं सरकवून "हे मला चालत नाही" म्हणालं की माझं डोकं फिरतं. शहापुरात एसटी स्टँडच्या मागं मी इतकी वर्षं खानावळ चालवली. कचेरीतले लोक, बाजाराला आलेले, ड्रायव्हर, मास्तर, नाना तऱ्हेची माणसं माझ्या हातचं जेवून गेली. त्यांना मी तोंडावर सांगायची, आवडत नसेल तर ठेव बाजूला, रागवायची नाही, पण चालत नाही म्हणू नकोस. लोक मला तोंडाळ म्हणायचे. आहेच मी तोंडाळ. आता खानावळ मुलाकडं दिली आणि मी घरात बसून असते, तर घरातच हा प्रकार सुरू झालाय. सुनेचं पोट फुगतं म्हणून तिनं आधी गहू सोडला. मग दूध सोडलं. मग डाळी, मग कांदा-लसूण. मोबाइलवर कोणीतरी गोरीगोमटी बाई काय काय सांगते आणि दर आठवड्याला आमच्या घरातून एक डबा कमी होतो. परवा तिनं भाताबरोबर फक्त उकडलेला दुधी घेतला आणि मी ताटलीच उचलून आदळली. मुलगा म्हणाला, "आई, पोट तिचं आहे, तू एवढी का चिडतेस?" तेव्हा मला सांगता आलं नाही. म्हणून लिहून ठेवते.

आमचं गाव म्हशाच्या जवळ. गाव कसलं, चाळीसेक घरांची वस्ती, पुढं भाताची खाचरं आणि मागं डोंगर. घरात बाबा, आई, मी आणि धाकटा पांडू. मथुआत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, नवरा गेल्यावर आमच्याच आळीत राहायला आली होती. तिचं घर वेगळं, पण ती दिवसभर आमच्याच ओट्यावर. आईचं नाव चांगुणा. ती उभी राहिली की दाराची चौकट भरायची. तिचा आवाज खाचरातून घरापर्यंत यायचा आणि हसली की आत्या म्हणायची, हळू गो, पत्रे उडतील. सकाळी तिच्या भाकरीच्या थापेनं मला जाग यायची. तांदळाची भाकरी ती दोन्ही हातांवर थापायची, परातीत नाही, आणि तव्यावर टाकताना एक चट्ट असा आवाज व्हायचा. भाताची कापणी झाली की त्याच ओलीवर वाल पेरायचे, आणि वाल आले की आमच्या घरात रोज बिरडं. आई वाल सोलायला बसली की भोवती बायका जमायच्या. पावसाळ्यात ती डोंगराची भाजी आणायची, शेवळं, टाकळा, कुर्डू. खाचरात चढणीचे मासे यायचे तेव्हा लुगडं खोचून बाबांच्या पुढं धावायची. जेवायला बसली की पोटभर जेवायची. बाईनं असं जेवू नये म्हणणाऱ्या बायका होत्या आळीत, पण आईच्या समोर बोलायची कोणाची छाती नव्हती.

ती म्हशाच्या जत्रेतून आली आणि आजारी पडली. जत्रेत बाबांना बैल बघायचे होते आणि आम्हाला पाळण्यात बसायचं होतं. आई तिथं उसाचा रस प्यायली, भजी खाल्ली, आम्हीही तेच खाल्लं, आम्हाला काही झालं नाही. काही दिवसांनी तिला ताप आला, अन्नाचा वास सहन होईना. आत्यानं विहिरीवर तिचा डोळा खाली ओढून पाहिला. हळद लावल्यासारखा पिवळा. कावीळ. बाबा म्हणाले मुरबाडला दवाखान्यात जाऊ. पण कावीळ झाल्यावर दवाखान्यात गेलेलं माणूस तेव्हा आमच्याकडं कोणी पाहिलंच नव्हतं. काविळीचं औषध गावठीच. आणि आईचं माहेर डोळखांबकडचं. तिकडच्या एका पाड्यावरचा धर्मा भगत काविळीला औषध द्यायचा आणि तिच्या माहेरची अख्खी वाडी त्याच्या औषधानं उठली होती. आई म्हणाली, मी त्याच्याकडंच जाणार.

मीही गेले होते बरोबर. मुरबाडहून शहापूर, तिथून डोळखांबची गाडी, आणि मग जंगलातून पायवाट. कुडाचं सारवलेलं घर, दारात कोंबड्या. धर्मा भगत म्हणजे काटकुळा म्हातारा, डोळे अगदी शांत. त्यानं आईची नखं पाहिली, जीभ पाहिली, मग कसलीशी मुळी उगाळून ताकातून दिली. नारळाशिवाय त्यानं काही घेतलं नाही. मला आजही त्याचा राग येत नाही, हे आधीच सांगते. त्याच्या मनात वाईट काहीच नव्हतं. मग त्यानं पथ्य सांगितलं. मीठ नाही, तेल नाही, हळद-मिरची नाही, डाळ नाही, वाल नाही, मासळी नाही, पालाभाजी नाही. तांदळाची अळणी पेज, वर ताक नाहीतर कोरा चहा, तेवढंच. आणि त्यांच्याकडची रीत अशी, की ज्यानं औषध दिलं त्यानंच पथ्य सोडवायचं. डोळे पांढरे झाले की आईनं परत यायचं, तो स्वतःच्या हातानं तिला मिठाचा पहिला घास देणार, मग सगळं खायला मोकळी. तोवर कोणी कितीही आग्रह केला तरी नाही, नाहीतर कावीळ उलटते. सुपात मूठभर तांदूळ होते. त्यावर हात ठेवून आईनं शब्द दिला. येताना ती वाटेत म्हणाली, एवढंच ना, महिनाभर काढीन मी सुखानं.

आणि खरंच तिचे डोळे निवळले. आज मला माहीत आहे की तशी कावीळ बहुतेक करून आपोआपच उतरते. पण तेव्हा आम्हाला तो भगताचा गुण वाटला आणि घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. आईनं नारळ घेतला, धुतलेलं लुगडं नेसली आणि बाबांबरोबर पथ्य सोडवायला गेली. संध्याकाळी दोघं परत आली ती तोंड उतरवून. भगताच्या दाराला कडी होती. त्या पाड्यावरची तरणी माणसं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. म्हातारा-म्हातारी एरवी मागं राहत, पण त्या साली सून बाळंत झाली म्हणून पोरं सांभाळायला मुलगा त्या दोघांनाही घेऊन गेला होता. कुठल्या भट्टीवर, ते शेजाऱ्यांना सांगता येईना. भिवंडीकडं, एवढंच. बाबा एकदा जाऊन आले. पडघ्यापासून भट्ट्याच भट्ट्या, धर्मा नावाचे म्हातारे कितीतरी, आणि आमचा कुठं सापडला नाही. बाबा म्हणाले, डोळे पांढरे झाले ना, मग झालं, खा आता. आई म्हणाली, "शब्द दिलाय. तो येईल तवा सोडीन." तिच्या आवाजात भीती नव्हती, हट्टही नव्हता. दिलेला शब्द पाळायचा, एवढीच तिची समजूत होती. बाबा तिच्यापुढं कधी आवाज चढवत नसत. ते बाहेर जाऊन बैलांपाशी उभे राहिले.

मग ते दिवस सुरू झाले. घरात सगळं तीच रांधायची. आमच्यासाठी बिरडं, सुकटाची चटणी, नाचणीची भाकरी, होळीला पुरणपोळ्यासुद्धा. पण चाखायची नाही. कालवण उकळायला लागलं की ती मला हाक मारायची, सुले, ये गो. मी हात पुढं केला की तळव्यावर थेंबभर टाकायची आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायची. मी म्हणायची, मीठ कमी. ती टाकायची. आता झालं, म्हटलं की झाकण ठेवायची. माझी जीभ तिथं तयार झाली. पुढं खानावळीत लोक चवीचं कौतुक करायचे तेव्हा मला बरं वाटायचं नाही, आणि का वाटत नाही हे मी कोणाला सांगितलं नाही. आमची पानं वाढली की ती आपलं पेजेचं वाडगं घेऊन भिंतीकडं तोंड करून बसायची. पांडू लहान, तो विचारायचा, आये, तुला बोंबील नको? ती म्हणायची, तू खा, माझं पोट भरलं. मला त्या वेळी तिचा फार राग यायचा. भगताचा यायचा नाही, तिचाच यायचा.

वाल संपले, उन्हाळा लागला, आणि तिचं पोट बिघडायला लागलं. आधी नुसतं फुगायचं. दोन घोट पेज घेतली की ढोल व्हायचा, आत गुडगुड वाजायचं. मग दिवसच्या दिवस साफ व्हायचं नाही, आणि एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. तोंड आलं, हिरड्यांतून रक्त यायला लागलं, वेणी घालताना माझ्या हातात केसांचे पुंजके यायचे. आणि त्या वेळी आमच्या घरात, आळीत, सगळ्यांची एकच समजूत. पोट दुखलं म्हणजे काहीतरी चुकीचं पोटात गेलं. मग शोधायचं काय गेलं आणि ते काढायचं. आत्या म्हणाली चहानं होतंय, आई चहा सोडून बसली. कोणी म्हणालं ताक थंड पडतं, ताक गेलं. नव्या तांदळाची पेज जड, म्हणून जुने तांदूळ शोधून आणले. मग पेजेतला भातही जड वाटायला लागला, तर वरचं पाणी तेवढं. दुखणं वाढलं की पथ्य वाढायचं आणि पथ्य वाढलं की दुखणं. एवढ्या माणसांत एकालाही उलटं सुचलं नाही, की बाई उपाशी आहे म्हणून पोट दुखतंय. आणि सांगणारं कोणी परकं नव्हतं. सगळी तिच्यावर जीव टाकणारी माणसं. मथुआत्या तर तिच्यासाठी स्वतः जुने तांदूळ पाखडून द्यायची.

पाऊस जवळ आला तशी आई दिवसातून कितीदा तरी वाटेकडं बघायला लागली. रोपांसाठी राब भाजून झाले, खाचरं तयार होती, आणि तिच्यात वाकून काम करायचं त्राण उरलं नव्हतं. मामाकडून निरोप आला की पाड्यावरची माणसं परतली. बाबा लगेच गेले. आले ते धर्मा भगताच्या मुलाला बरोबर घेऊन. तो तरणा गडी ओट्याच्या कडेला बसला, पाणी प्यायला, आणि खाली बघत म्हणाला की म्हातारा भट्टीवरच गेला, उन्हाळ्यात, तापानं. आई आतून बाहेर आली. तिनं विचारलं, मग आता माझं पथ्य तू सोडवशील ना? तो कसनुसा झाला. म्हणाला, औषधाची विद्या बापानं मला दिली नव्हती, माझ्या हातात ते नाही, माझ्या हातानं तुझं वाईट झालं तर मी काय करू? खरं बोलला तो. आई खांबाला धरून हळूहळू खाली बसली. रडली नाही. मग उठून त्याच्यासाठी भाकऱ्या थापायला गेली.

त्यानंतर बाबांनी पहिल्यांदा तिचं ऐकलं नाही. गाडी करून तिला शहापूरला घेऊन गेले, एका बाई डॉक्टरकडं. मी बरोबर होते. त्या डॉक्टरीणबाईंनी आईला तपासलं, पोट दाबून पाहिलं. मग कावीळ कधीच गेलीय म्हणाल्या. आता जे आहे ते खाणं बंद केल्याचं आहे. त्या काय म्हणाल्या ते मला लख्ख आठवतं, कारण असं काही मी आधी ऐकलंच नव्हतं. "तुमच्या पोटात बारीक जिवांची वस्ती असते बाई, अन्न पचवायला तीच मदत करते. डाळ, भाजी, भाकरी, ताक, हे त्यांचंही जेवण. तुम्ही त्यांनाही उपाशी ठेवलंत. आतडंसुद्धा रोज काम मिळालं तर नीट राहतं." मग त्यांनी बाबांना बजावलं की एकदम काही द्यायचं नाही. आधी चमचाभर डाळीचं पाणी, चिमूटभर मीठ, ते सोसलं की थोडं जास्त, मग मऊ भाजी. घाई केलीत तर उलटेल, घरी नसेल जमत तर दवाखान्यात ठेवा. आईनं सगळं ऐकलं, मान डोलावली, डॉक्टरीणबाईंना नमस्कार केला. गाडीत बसल्यावर म्हणाली, चांगली बाई हाय, पण तिला रीत माहीत नाय. दवाखान्यात राहायला ती तयार झाली नाही. तिथं मला जबरदस्तीनं खाऊ घालतील, म्हणाली.

आता सुनेनं हे वाचलं तर ती म्हणेल, आई, मी भगताकडं थोडीच गेलेय. नाही गेलीस, बाई. तू शिकलेली आहेस. पण पोट फुगलं की एक जिन्नस काढायचा, परत फुगलं की दुसरा काढायचा, हे मी आधी पाहिलेलं आहे. तिला खरोखर एखादी गोष्ट सोसत नसेलही, नाही असं मी म्हणत नाही. डॉक्टरनं तपासून सांगितलं तर मी स्वतः तिला वेगळं रांधून देईन. पण स्वतःच्या मनानं एकेक दार लावत जाऊ नये. परवा ताटली आदळल्यावर ती माहेरी निघून गेलीय दोन दिवस, आणि घर खायला उठलंय. असो.

आषाढ लागला होता. भर पावसात इरलं घेतलेली एक म्हातारी आमच्या ओट्यावर आली, पायाला गुडघ्यापर्यंत चिखल. धर्मा भगताची बायको, बुधी. मुलानं घरी जाऊन सांगितलं असावं. ती इतक्या लांब, बस बदलून, चालत, एकटी आली होती. आईला बघून तिचे डोळे भरले. म्हणाली, "म्हातारा जाताना तुझं नाव काढीत व्हता. त्या म्हशाकडच्या बाईचं पथ्य सोडवायचं ऱ्हायलं, म्हनला. तू सोडव, म्हनला मला." तो खरंच असं म्हणाला होता, की आईला जगवायला म्हातारीनं मनानं रचलं, ते मला आजवर कळलेलं नाही. रचलं असेल तर तिचे पाय धरावेत. आईचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, झालं, संपलं एकदाचं. बुधीनं भातात मीठ कालवलं, काहीतरी पुटपुटली आणि आईला घास दिला. आईनं डोळे मिटले. कितीतरी वेळ तो घास ती चावत राहिली आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

बातमी आळीभर झाली. चांगुवैनीचं पथ्य सुटलं. आणि मग जे झालं ते माझ्या गावाच्या मायेनं झालं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं बाबांना आठवत होतं, ते म्हणालेही, हळू घ्या, पण त्या कोलाहलात ऐकतो कोण. आमच्याकडं पथ्य सुटलं की पाच घरचं खायला घालतात, ही रीत. त्या दिवशी पाच घरांवर कोण थांबतंय? एकीनं चढणीच्या माशांचं कालवण आणलं, एकीनं वडे, एकीनं टाकळ्याची भाजी तेलात परतून. मथुआत्यानं वालाचं बिरडं केलं होतं, खास राखून ठेवलेल्या वालांचं. आईला मधे बसवलं. प्रत्येक जण म्हणे, माझ्यातलं एक खा, माझ्यातलं एक. आणि ती खात होती, हसत होती, तिचा तो जुना मोठा आवाज मला कितीतरी महिन्यांनी ऐकू आला. पांडू तिच्या मांडीवर बसून तिच्याच ताटात जेवला. बुधी भरल्या मनानं तिन्हीसांजेच्या आत परत जायला निघाली, बाबा तिला गाडीपर्यंत पोचवायला गेले.

दिवेलागणीला आईच्या पोटात कळ उठली. मग ती थांबेचना. ओकाऱ्या, जुलाब, अंग गार पडलेलं. बाबा परतले तेव्हा ती ओट्यावर आडवी होती आणि आत्या तिचे तळवे चोळत होती. पावसानं ओढ्याला पूर आला होता, गाडी निघणं शक्य नव्हतं. साखर-मिठाचं पाणी कोणीतरी सांगितलं. मिठाचं नाव काढताच आईनं दात आवळले. कशीबशी ती त्यातून निभावली. सकाळी पाऊस उघडला तेव्हा तिच्यात आवाज राहिला नव्हता. मी तोंड पुसत होते. ती म्हणाली, "बघितलंस ना? त्याचा हात नव्हता तो." मी म्हणाले, आये, डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या, एकदम खाल्लंस म्हणून झालं. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, माझी समजूत काढल्यासारखा. तिच्या मनानं निकाल लावून टाकला होता. इतके दिवस ती नुसती वाट बघत होती. आता तिची खात्री झाली होती. आणि ती खात्री तिला आम्हीच, तिच्या माणसांनी, वाढून दिली होती. पण दोष देऊ तरी कोणाला? त्या बायकांना? छे. त्यांच्याकडं जे उत्तम होतं ते त्यांनी आणलं होतं.

ती पुन्हा पेजेच्या पाण्यावर आली. बाबांनी आणि मी एक उपाय करून पाहिला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसं, चमचाभर डाळीचं पाणी तिच्या पेजेत मिसळलं, अगदी पातळ, हळद न घालता. तिनं वाडगं तोंडाशी नेलं आणि थांबली. जन्मभर रांधलेली बाई ती, तिला काय वास यायचा नाही? रागावली नाही. वाडगं हळूच माझ्याकडं सरकवलं आणि म्हणाली, पांडूला दे. दुसऱ्या दिवसापासून चुलीजवळ बसून आपली पेज ती स्वतः शिजवायला लागली. उठवत नव्हतं तरी खुरडत जायची. बाबा बाजूला बसून लाकडं पुढं सारायचे. मला ते बघवायचं नाही, मी भांडी घेऊन विहिरीवर जायची आणि तिथं मनसोक्त रडायची.

भाद्रपदात भात पोटरीला आलं होतं. तिला साधा ताप आला, पांडूलाही आला होता तसाच. पांडू दोन दिवसांत उठून खेळायला लागला. ती उठली नाही. बाबांनी तिला उचलून गाडीत ठेवलं. उचलल्यावर ते क्षणभर तसेच उभे राहिले, कारण वजनच लागलं नाही त्यांना. मुरबाडच्या वाटेवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून ती गेली. मला तिच्या तोंडून काहीतरी हवं होतं, पण ती झोपेतच होती.

आमच्याकडं बाराव्याला गेलेल्या माणसासाठी पान वाढतात, त्याच्या आवडीचं. मी सकाळपासून चुलीपुढं होते. भाकऱ्या, बिरडं, अळूचं फदफदं, वरण, वडे, खीर. आता तळव्यावर थेंब टाकणारं कोणी नव्हतं, मीच चाखत होते आणि मीच ठरवत होते. पान मांडायची वेळ झाली तेव्हा मथुआत्या आत आली, टोपावरचं झाकण काढून बघितलं, आणि तिचा चेहरा पडला. ती म्हणाली, पोरी, हे चालायचं नाय. चांगूचं पथ्य सुटलेलं नाय. असं पान ठेवलं तर ती शिवायची नाय, तिचा जीव अडकंल. अळणी पेज ठेवायला हवी. आत्या रडत बोलत होती, आईच्या काळजीनंच बोलत होती. बाहेरच्या म्हाताऱ्याही तेच म्हणाल्या. एकीनं तर तांदूळ निवडायलाही घेतले. मी पळी हातात धरून उभी, मला काय करावं सुचेना. जिवंतपणी नाही आणि मेल्यावरही नाही? मला वाटलं, आता मी ओरडणार.

बाबा दारात आले. त्यांनी काविळीपासून त्या दिवसापर्यंत कोणाशी वाद घातलेला मी पाहिला नव्हता. त्यांनी त्या म्हातारीच्या हातातलं सूप घेतलं आणि बाजूला ठेवलं. आत्याला म्हणाले, "जिती व्हती तवर तुमची रीत पाळली. आता जेवू द्या तिला." मग मला म्हणाले, "सुले, वाढ. सगळं वाढ." मी वाढलं. बाबा पानासमोर मांडी घालून बसले. त्यांनी भातावर वरण ओतलं, बिरडं घेतलं, मीठ घेतलं, आणि स्वतःच्या हातानं कालवायला लागले, लहान मुलाला भरवताना कालवतात तसं, मऊ, गोळा फोडून फोडून. त्यांनी आईला कधी घास भरवलेला आम्ही पाहिला नव्हता. लग्नात भरवला असेल तेवढाच. त्यांनी एक घास उचलला. मग तो त्यांनी पानाच्या मधोमध ठेवला आणि समोर ती बसलेली असावी अशा आवाजात म्हणाले, "खा. मी सोडवलं."